भूकंपजोखमीची मुक्तस्रोत प्रतिमाने

विशिष्ट ठिकाणी विशिष्ट कालावधीत भूकंपामुळे किती जीवितहानी व वित्तहानी होण्याचा संभव आहे, याचा अंदाज करणाऱ्या गणिती मांडणीस भूकंपजोखमीचे प्रतिमान म्हणतात. हे प्रतिमान ज्या आधारसामग्रीवर, सूत्रांवर व संगणकीय आज्ञावलीवर उभे असते ती सर्व कोणासही पाहता, तपासता, वापरता व सुधारता येईल अशा रीतीने खुली ठेवली असता त्यास मुक्तस्रोत प्रतिमान म्हणतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून निरनिराळ्या देशांतील भूकंपवैज्ञानिक, स्थापत्य अभियंते, शासकीय संस्था व विमाव्यवसाय यांनी एकत्र येऊन साऱ्या जगाकरिता अशी प्रतिमाने तयार करण्याचे कार्य हाती घेतले. इटलीतील पाव्हीया येथे २००९ साली स्थापन झालेले ‘ग्लोबल अर्थक्वेक मॉडेल’ (संक्षेपाने ‘जेम’) हे प्रतिष्ठान या कार्याचे प्रमुख केंद्र असून ‘ओपनक्वेक’ ही त्याची आज्ञावली आज अनेक देशांत वापरली जाते. भूकंप केव्हा होईल याचे भाकीत या प्रतिमानांतून मिळत नाही. भूकंप झाला तर काय होईल आणि तसे होण्याचा संभव किती, एवढेच ती सांगू शकतात.

धोका आणि जोखीम : व्यवहारात हे दोन शब्द समानार्थी वापरले जात असले, तरी या शास्त्रात त्यांचे अर्थ भिन्न आहेत. जमीन किती जोराने व किती वारंवार हादरेल, हा भूकंपाचा धोका होय. तो निसर्गाधीन असून मनुष्याला कमी करता येत नाही. त्या हादऱ्यामुळे होणाऱ्या हानीचा संभव म्हणजे जोखीम होय. ती तीन गोष्टींवर अवलंबून असते : (१) जमिनीच्या हादऱ्याचा धोका, (२) त्या ठिकाणी असलेली माणसे, इमारती व मालमत्ता आणि (३) त्या इमारतींची भेद्यता, म्हणजे हादऱ्यापुढे त्या किती नाजूक ठरतात हे. निर्जन वाळवंटात तीव्र भूकंपाचा धोका असूनही जोखीम जवळजवळ शून्य असते. उलट, मध्यम धोक्याच्या प्रदेशातील दाट वस्तीच्या व दुबळ्या बांधणीच्या शहरात ती फार मोठी असू शकते. मुंबईसारख्या शहराचा विचार करताना हा भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो. [⟶ भूकंप].

महाराष्ट्रातील अनुभव : दख्खनचे पठार हा भूवैज्ञानिक दृष्ट्या प्राचीन व स्थिर प्रदेश असल्याने तेथे मोठे भूकंप होणार नाहीत, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर येथे सु. ६.३ महत्तेचा भूकंप झाला व त्यात सु. १८० माणसे मृत्युमुखी पडली. हा प्रदेश तत्कालीन भूकंपपट्ट्यांच्या नकाशात कमी धोक्याचा दाखविलेला होता. पुढे १९७० च्या सुधारित भारतीय मानकात त्याचा समावेश वरच्या पट्ट्यात करण्यात आला. शिवाजीसागर जलाशयातील पाण्याचा भार व खडकांत मुरणारे पाणी यांच्यामुळे हा भूकंप उद्भवला, असे बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात.

त्यानंतर ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील लगतचा भाग ६.२ महत्तेच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाला. अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. शासकीय आकडेवारीनुसार सु. ७,९०० माणसे मृत्युमुखी पडली. हा प्रदेश त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या पट्ट्यात होता. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये याच भागात सौम्य धक्के जाणवले होते. तथापि एवढ्या मोठ्या प्राणहानीचे कारण भूकंपाच्या महत्तेपेक्षा घरांच्या बांधणीत होते. ओबडधोबड दगडांच्या व मातीच्या सांध्यांच्या जाड भिंती आणि त्यांवर उन्हापासून संरक्षण म्हणून टाकलेला मातीचा जड धाबा, अशी तेथील घरांची रीत होती. भिंती फाकल्या आणि धाबे झोपलेल्या माणसांवर कोसळले. एवढ्याच महत्तेच्या भूकंपात, भूकंपरोधक बांधणी रूढ असलेल्या देशांत, प्राणहानी पुष्कळच कमी होते.

किल्लारीच्या भूकंपाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. धोक्याचा नकाशा चुकू शकतो, ही पहिली. नकाशा अचूक असता तरी घरांची नोंद नसल्याने हानीचा अंदाज करता आला नसता, ही दुसरी. पुढे २००२ च्या भारतीय मानक १८९३ मध्ये पहिला पट्टा रद्द करून देशाची विभागणी दुसरा ते पाचवा अशा चार पट्ट्यांत करण्यात आली. किल्लारीचा परिसर व मुंबई ही दोन्ही तिसऱ्या पट्ट्यात आणि कोयनेचा परिसर चौथ्या पट्ट्यात आला.

इतिहास : एखाद्या ठिकाणचा भूकंपीय धोका संभाव्यतेच्या भाषेत मांडण्याची पद्धत अमेरिकन अभियंते सी. ॲलिन कॉर्नेल यांनी १९६८ साली प्रसिद्ध केली. आसपासच्या सर्व भूकंप-उगमांपासून येऊ शकणाऱ्या सर्व महत्तांच्या धक्क्यांचा एकत्रित विचार करून अमुक तीव्रतेचा हादरा अमुक वर्षांत येण्याची शक्यता काढणे, हे या पद्धतीचे सूत्र होय. आजची सर्व प्रतिमाने मूलतः याच पद्धतीवर आधारलेली आहेत. संयुक्त राष्ट्रांनी १९९० चे दशक नैसर्गिक आपत्ती-न्यूनीकरणाचे दशक म्हणून घोषित केले. त्या निमित्ताने १९९२–९९ या काळात जगाचा पहिला एकसंध भूकंपधोक्याचा नकाशा तयार झाला. तो उपयुक्त असला, तरी नकाशाच्या अनेक भागांमागील गणिते पुन्हा करून पाहण्याची सोय नव्हती. चीनमधील सिच्वान (२००८) व हैती (२०१०) येथील भूकंपांत या नकाशाने सुचविलेल्या पातळीपेक्षा कितीतरी तीव्र हादरे बसले.

याच सुमारास जोखमीचे गणित प्रामुख्याने विमाव्यवसायाच्या हाती होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील काही खाजगी कंपन्या संगणकीय प्रतिमाने तयार करून ती विमा कंपन्यांना भाड्याने देत असत. त्यांतील सूत्रे व्यापारी गुपिते मानली जात. शिवाय जेथे विमा उतरविणारे थोडे, अशा आशिया व आफ्रिकेतील देशांची प्रतिमाने करण्यात त्यांना फारसे स्वारस्य नव्हते. परिणामी ज्या देशांत घरे अधिक दुबळी त्याच देशांना जोखमीचा अंदाज उपलब्ध नव्हता.

ही उणीव दूर करण्याची कल्पना आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या वैज्ञानिक व्यासपीठावर २००६ च्या सुमारास मांडली गेली आणि तिच्यातून २००९ मध्ये जेम प्रतिष्ठानाची स्थापना झाली. शासकीय संस्था, विद्यापीठे व खाजगी उद्योग यांच्या वर्गणीवर चालणारी ही ना-नफा संस्था आहे. तिच्या साहाय्याने ब्रिटनमधील आंतरराष्ट्रीय भूकंपवैज्ञानिक केंद्राने १९०० सालापासूनच्या यंत्रनोंदींची फेरतपासणी करून जगातील मोठ्या भूकंपांची सूची तयार केली व ती २०१३ मध्ये सर्वांस खुली केली. डिसेंबर २०१८ मध्ये धोका व जोखीम यांचे जागतिक नकाशे प्रसिद्ध झाले व २०२३ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. हे नकाशे एका केंद्राने एका पद्धतीने काढलेले नसून निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनी तयार केलेली सु. तीस प्रादेशिक व राष्ट्रीय प्रतिमाने गोधडीप्रमाणे जोडून सिद्ध केलेले आहेत. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने तज्ज्ञसमितीमार्फत २०११ च्या सुमारास संभाव्यतेवर आधारलेले देशाचे धोक्याचे नकाशे तयार करविले.

रचना व कार्यपद्धती : ओपनक्वेक ही ‘पायथन’ या संगणकभाषेत लिहिलेली आज्ञावली आहे. ती ज्या परवान्याखाली दिली जाते त्यानुसार कोणीही ती विनामूल्य वापरू वा बदलू शकतो. मात्र बदललेली आज्ञावली इतरांना देताना तो बदलही खुला करणे बंधनकारक असते. एखादा दोष आढळल्यास जगातील कोणत्याही वापरकर्त्याने तो दाखवावा, दुरुस्ती सुचवावी व ती तपासून मूळ आज्ञावलीत समाविष्ट व्हावी, असा क्रम असतो. झालेला प्रत्येक बदल व त्याची तारीख यांची नोंद राहते. त्यामुळे एका संशोधकाने पुण्यात केलेले गणित दुसऱ्याला टोकिओत जसेच्या तसे पुन्हा करून पाहता येते.

प्रतिमानाचे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत : (१) भूकंप-उगमांचे वर्णन : ज्ञात विभंग, भूकंपक्षेत्रे आणि त्यांत निरनिराळ्या महत्तेचे भूकंप किती वारंवार होतात याचे प्रमाण. (२) क्षीणनाची सूत्रे : उगमापासून दूर जाताना हादरा कसा मंदावतो याचे गणित. द्वीपकल्पीय भारताच्या जुन्या व कठीण खडकांत तरंग हळूहळू क्षीण होतात, म्हणून दूरच्या भूकंपाचीही दखल घ्यावी लागते. (३) स्थानिक जमिनीचा परिणाम : कठीण पाषाणावरील हादरा मऊ गाळावर वा भरावावर अनेक पटींनी वाढू शकतो. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सु. ३५० किमी. दूरच्या भूकंपाने मेक्सिको शहराचा जुन्या सरोवराच्या गाळावर वसलेला भाग कोसळला, हे याचे ठळक उदाहरण होय. (४) इमारती व लोकसंख्येची सूची : कोणत्या प्रकारच्या किती इमारती आहेत, त्यांची किंमत काय आणि दिवसा, रात्री व येण्याजाण्याच्या वेळी त्यांत किती माणसे असतात, याची नोंद. कोयना व किल्लारी हे दोन्ही भूकंप पहाटे झाले, ही बाब येथे लक्षणीय आहे. (५) भेद्यतेची वक्रे : विशिष्ट प्रकारच्या इमारतीचे विशिष्ट तीव्रतेच्या हादऱ्यात सरासरी किती नुकसान होते हे दाखविणारे आलेख.

इमारतींचे वर्णन जगभर एकाच भाषेत व्हावे म्हणून जेमने २०१३ मध्ये एक वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक इमारत तेरा गुणांनी वर्णिली जाते. भार वाहणाऱ्या सांगाड्याचे साहित्य व त्याचा प्रकार, उंची, बांधणीचे वर्ष, वापर, शेजारच्या इमारतींशी चिकटून असणे, आराखड्याचा आकार, रचनेतील विषमता, बाहेरच्या भिंती, छप्पर, तक्तपोशी व पाया यांचा त्यांत अंतर्भाव होतो. या पद्धतीने लातूरचे धाब्याचे घर, नेपाळमधील विटांचे घर व इटलीतील दगडी घर यांची तुलना करता येते.

जेथे शास्त्रज्ञांत मतभेद असतील तेथे प्रतिमान एकच उत्तर निवडत नाही. निरनिराळी मते एका तर्कवृक्षाच्या फांद्यांप्रमाणे मांडून प्रत्येकीस तिच्या विश्वासार्हतेनुसार वजन दिले जाते व सर्व फांद्यांची उत्तरे स्वतंत्रपणे काढली जातात. उत्तरांतील फरक किती आहे यावरून अज्ञानाचे मोजमाप होते. बंद प्रतिमानात हे वजन कोणी व का ठरविले हे कळत नाही. खुल्या प्रतिमानात त्यावर आक्षेप घेता येतो.

संभाव्यतेचा अर्थ : धोक्याच्या नकाशांवर बहुधा ‘५० वर्षांत १० टक्के शक्यता’ असा उल्लेख असतो. याचा अर्थ तेवढा किंवा त्याहून तीव्र हादरा सरासरीने सु. ४७५ वर्षांतून एकदा येतो असा होतो. तो ४७५ वर्षांनीच येईल वा नुकताच येऊन गेला असल्यास पुन्हा येणार नाही, असा त्याचा अर्थ नाही.

जोखीम बहुधा सरासरी वार्षिक हानीच्या रूपाने सांगतात. समजा, एका इमारतीची किंमत एक कोटी रुपये आहे. तिला ५० वर्षांतून सरासरीने एकदा येणाऱ्या सौम्य धक्क्यात किमतीच्या एक टक्का, ४७५ वर्षांतून एकदा येणाऱ्या धक्क्यात वीस टक्के आणि २,४७५ वर्षांतून एकदा येणाऱ्या तीव्र धक्क्यात साठ टक्के नुकसान होते, असे मानू. यांची वार्षिक सरासरी अनुक्रमे २,०००, सु. ४,२०० व सु. २,४०० रुपये, म्हणजे एकूण सु. ८,६०० रुपये भरते. विम्याचा हप्ता ठरविण्यास किंवा इमारत बळकट करण्यावर किती खर्च करावा हे ठरविण्यास हा आकडा उपयोगी पडतो. मात्र सरासरीच्या या लहान आकड्यामागे एका दिवसात होणारा सर्वनाश दडलेला असतो. यासाठी सरासरीबरोबरच एखादा विशिष्ट भूकंप कल्पून त्याच्या परिणामांचे चित्रही काढले जाते. रुग्णालये, अग्निशमन दल व पाणीपुरवठा यांच्या नियोजनास असे चित्र अधिक उपयुक्त ठरते.

मुंबईची स्थिती : मुंबईच्या भूकंपेतिहासात अनेक जुन्या सूचींनी १६१८ च्या मे महिन्यातील एका विनाशकारी भूकंपाची नोंद केली आहे. मूळ वृत्तांतांची फेरतपासणी केल्यावर तो भूकंप नसून समुद्री चक्रीवादळ असावे, असे मत संशोधकांनी मांडले. त्या वृत्तांतांत वादळी वारा व जहाजांची हानी यांचे वर्णन येते. ही नोंद ठेवली वा वगळली तर मुंबईच्या धोक्याच्या गणितात मोठा फरक पडतो. प्रतिमान खुले असल्यास अशी दुरुस्ती कोणी केली व तिचा परिणाम काय झाला, हे सर्वांस पाहता येते. यंत्रांद्वारे भूकंपनोंद कुलाब्याच्या वेधशाळेत १८९८–९९ च्या सुमारास सुरू झाली. कोयना (१९६७), किल्लारी (१९९३) व भूज (२००१) येथील भूकंपांचे धक्के मुंबईत जाणवले. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी परिसरात लहान भूकंपांची दीर्घ मालिका अनुभवास आली. यावरून मुंबईचा धोका मध्यम असला, तरी नगण्य नाही, असे दिसते.

२६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात अधिकृत आकड्यांनुसार सु. १३,८०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यात भूकंपकेंद्रापासून दोनशेहून अधिक किमी. दूर असलेल्या अहमदाबादमधील कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवून केवळ खांबांवर उभ्या केलेल्या इमारतींचे त्यांतील प्रमाण लक्षणीय होते. अशी रचना मुंबईतही सर्वत्र आढळते.

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. शहराच्या जुन्या भागातील, म्हणजे गिरगाव, परळ, लालबाग, दादर इत्यादींतील, उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९६९ मध्ये १९,६४२ होती व त्यांपैकी १६,५०२ इमारती सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. लाकडी सांगाड्यात विटा भरलेल्या चाळी त्यांत पुष्कळ आहेत. सांधे शाबूत असताना लाकडी सांगाडा हादरा बऱ्यापैकी सोसतो. पण वाळवी, गळती व काढून टाकलेल्या मधल्या भिंती यांमुळे ती क्षमता घटते. भारतीय प्रौद्योगिकी संस्था, पवई येथील तज्ज्ञांनी इमारतींची बाहेरून पाहणी करून त्यांची भेद्यता झटपट ठरविण्याची पद्धत विकसित केली आहे. मुंबई महानगरपालिकेनेही ‘अर्थक्वेक्स अँड मेगासिटीज इनिशिएटिव्ह’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने २०१०–११ च्या सुमारास आपत्तिजोखीम-व्यवस्थापनाचा आराखडा तयार केला.

शीव कोळीवाडा—एक उदाहरण : जागतिक प्रतिमान एखाद्या वस्तीपर्यंत आणताना कोणत्या अडचणी येतात, हे शीव कोळीवाड्याच्या उदाहरणावरून समजते. शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट येथे संपत असे व पलीकडे खाडी आणि साष्टी बेट होते. १८०३ च्या सुमारास शीव व कुर्ला यांना जोडणारा बांधरस्ता झाला. शीवची टेकडी ज्वालामुखीजन्य खडकाची असून तिच्या पायथ्याशी व वडाळ्याकडे खाजणाची, मिठागरांची व भरावाची सखल जमीन आहे. अर्थात थोडक्या अंतरावर कठीण पाषाण व मऊ भराव अशी दोन टोके आढळतात. जागतिक नकाशांत जमिनीचा मऊपणा बहुधा तिच्या उतारावरून अनुमानिला जातो : सपाट जमीन म्हणजे गाळ व चढाची जमीन म्हणजे खडक. हा ठोकताळा ढोबळमानाने येथे लागू पडतो. पण भराव दोन मी. जाड आहे की वीस, हे त्यावरून कळत नाही. हे ज्ञान प्रत्येक नव्या इमारतीच्या पायासाठी घेतलेल्या वेधनछिद्रांच्या नोंदींत असते. त्या नोंदी एकत्र व खुल्या झाल्यास प्रतिमानाची ही उणीव अल्प खर्चात भरून निघण्यासारखी आहे.

इमारतींच्या बाबतीत विविधता याहून अधिक आहे. मूळ कोळीवस्तीतील घरे बुटकी, एकमेकांस भिंतीला भिंत लावून असलेली व अरुंद गल्ल्यांनी वेढलेली आहेत. कुटुंब वाढले की घर वर वाढते : प्रथम पोटमाळा, मग लोखंडी खांबांवर आणखी एक मजला. कागदोपत्री एकमजली असलेले घर प्रत्यक्षात तिमजली असू शकते आणि वाढलेले वजन मूळच्याच भिंतींवर पडते. फाळणीनंतर या भागात पंजाबी व सिंधी निर्वासितांचे पुनर्वसन झाले. पूर्वीच्या कोळीवाडा स्थानकाचे गुरू तेग बहादूर नगर हे आजचे नाव त्याची आठवण देते. सिंधी निर्वासितांसाठी १९५० च्या दशकात बांधलेल्या पंचवीस इमारती पुढे जीर्ण होऊन धोकादायक ठरल्या व पाडण्यात आल्या. त्यांच्या पुनर्विकासाचे काम म्हाडाकडे आले. त्या भूकंपाने नव्हे, तर काळाने, खाऱ्या हवेने व गळतीने खिळखिळ्या झाल्या होत्या. भेद्यतेच्या वक्रात अशा इमारतीचे वर्णन ‘प्रबलित काँक्रीटचा सांगाडा, अमुक मजले’ एवढेच येते. गंजलेल्या सळयांची नोंद त्यात नसते. तिसरा प्रकार पुनर्विकासातून उभ्या राहणाऱ्या उंच इमारतींचा असून त्या नव्या मानकांनुसार आरेखित असल्या, तरी खालचे मजले वाहनतळासाठी मोकळे असल्यास त्यांची तपासणी वेगळ्या दृष्टीने करावी लागते.

जागतिक प्रतिमानांत इमारतींची संख्या मुख्यतः जनगणनेतील भिंती व छपरांच्या साहित्याच्या तक्त्यांवरून काढलेली असते. त्यामुळे वरील तिन्ही प्रकार एका सरासरीत मिसळून जातात. अशा सरासरीवरून संपूर्ण देशाची जोखीम बऱ्यापैकी कळते, पण कोणत्या गल्लीत अग्निशमनाची गाडी शिरू शकणार नाही किंवा शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात किती जखमी येतील, हे कळत नाही. ही माहिती रहिवासी, स्थानिक अभियंते, गवंडी व महापालिकेच्या एफ-उत्तर विभागाचे कर्मचारी यांच्यापाशीच असते. इतरत्र अशी माहिती लोकसहभागाने गोळा झाल्याची उदाहरणे आहेत. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशावर हैती (२०१०) व नेपाळ (२०१५) येथील भूकंपांनंतर हजारो स्वयंसेवकांनी रस्ते व इमारती रेखाटल्या आणि मदतपथकांना त्यांचा उपयोग झाला. हेच काम भूकंपापूर्वी झाल्यास त्याचे मोल अधिक असते. याकरिता वर्गीकरणाची प्रश्नावली अभियंत्यांच्या परिभाषेत न ठेवता चाळ, पोटमाळा, कौले, पत्रे, धाबा अशा लोकांच्या शब्दांत असणे आवश्यक आहे.

मर्यादा व आक्षेप : प्रतिमान खुले आहे म्हणून ते बरोबर आहे, असे होत नाही. दोष शोधणारा तज्ज्ञ कोणी नसल्यास उघडा ठेवलेला दोषही तसाच राहतो. द्वीपकल्पीय भारतात मोठे भूकंप क्वचित होतात. शे-सव्वाशे वर्षांच्या यंत्रनोंदींवरून हजारो वर्षांची वारंवारता ठरविणे स्वभावतःच अनिश्चित आहे. किल्लारीसारखा न दिसणारा विभंग अन्यत्र कोठे आहे, हे कोणतेही प्रतिमान निश्चितपणे सांगू शकत नाही. तसेच आज्ञावली संपूर्ण खुली असली, तरी जागतिक आधारसामग्रीचा काही भाग केवळ अव्यापारी उपयोगासाठी दिला जातो. तेव्हा हे खुलेपण निरपवाद नाही, अशी टीका होते.

दुसरा आक्षेप सामाजिक स्वरूपाचा आहे. एखादी इमारत वा वस्ती अधिक जोखमीची म्हणून जाहीर झाल्यास तिची किंमत घसरेल, कर्ज वा विमा मिळणार नाही किंवा धोक्याचे कारण पुढे करून रहिवाशांना हुसकावले जाईल, अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. मुंबईत जेथे घराचा हक्क हाच जीवनाचा आधार असतो, तेथे ही भीती निराधार म्हणता येत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी इमारतवार आकडे न देता लहान विभागांची बेरीज प्रसिद्ध करण्याची प्रथा आहे. उलटपक्षी, जोखमीची गणिते बंद राहिल्यास ‘धोकादायक’ हा शिक्का कोणत्या आधारावर मारला गेला, हे विचारण्याचे साधनच रहिवाशांपाशी उरत नाही. खुल्या प्रतिमानात तोच शिक्का स्वतंत्र अभियंत्याकडून तपासून घेता येतो आणि घर रिकामे करण्याऐवजी ते बळकट करणे पुरेसे आहे काय, याचेही उत्तर त्याच गणितातून काढता येते.

उपयोग : जोखमीच्या अंदाजांचा उपयोग बांधकामाचे नियम ठरविणे, शाळा व रुग्णालयांचे प्राधान्यक्रमाने बळकटीकरण, आपत्तिनिवारणाची पूर्वतयारी, विमा व शासकीय आर्थिक तरतूद यांसाठी होतो. किल्लारीच्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली व इतर अनेक गावांत घरांच्या दुरुस्तीचे आणि बळकटीकरणाचे काम झाले. दगडी भिंतीत आरपार जाणारे बांधदगड घालणे, भिंतींना काँक्रीटचा पट्टा बांधणे, धाब्यावरील माती कमी करणे यांसारखे उपाय त्या वेळी गवंड्यांना शिकविण्यात आले. हे उपाय भूकंपापूर्वीही अभियंत्यांस ज्ञात होते. परंतु जोखीम मोजलेली नसल्याने ते योजण्याची निकड कोणास वाटली नव्हती. घरांची मोजदाद भूकंपापूर्वी व्हावी, ती सर्वांस पाहता यावी आणि ज्यांची ती घरे आहेत त्यांना तिच्यातील चूक दुरुस्त करता यावी, हे मुक्तस्रोत प्रतिमानांचे मुख्य प्रयोजन होय.